वरच्या दोन खोल्या

आमच्या घरावर दोन खोल्या चढल्या त्या फाळणीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. तोवर उज्जैनच्या फ्रीगंजातलं आमचं घर म्हणजे तीन खोल्या, मागे मोरी आणि वर कवेलूचं, कौलारू छप्पर, एवढंच होतं. बाबा सरकारी शाळेत मास्तर होते. आजोबा ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत उज्जैनला आले आणि जुन्या गावातच भाड्याच्या घरात वारले. बाबांनी रेल्वे लाइनीच्या या बाजूला जागा घेतली तेव्हा आमचे नातलग हसले होते. "तिकडे कोल्ह्यांच्या शेजारी राहणार का?" असं एक आत्या म्हणाल्याचं आई नेहमी सांगायची. कुणालाच नको होती, म्हणून जागा मास्तरच्या पगारात बसली.

मग सिंधी कुटुंबं आली. आधी धर्मशाळांत उतरली, मग छावणीत, मग जिथे छप्पर दिसेल तिथे. दिवसातून एकदा तरी आमची कडी वाजायची. दारात एखादा चांगल्या घरातला दिसणारा माणूस, अंगावर मळलेला कोट, मागे बायको आणि पोरं. "बहनजी, एक कमरा मिलेगा?" आई पाणी द्यायची, गूळ द्यायची आणि "नाहीये हो, कुठून देऊ" असं मराठीतच म्हणायची.

त्याच सुमारास संस्थानं मोडून नवं राज्य झालं, आणि कुठल्या कुठल्या खात्यांची कार्यालयं आमच्या गावात आली. कार्यालयांबरोबर कारकून आले. तेही खोल्या शोधायला लागले. बघता बघता आमच्या गल्लीत गाईंचे गोठे सारवून, पडवीला पत्र्याची चद्दर ठोकून लोकांनी भाड्याने दिले. भाडं दर सणाला वाढायचं. शेजारच्या वैद्यांनी तर औषधं कुटायची खोली एका हेडक्लार्कला देऊन टाकली आणि स्वतः ओसरीवर खल घेऊन बसू लागले.

बाबांना हे सगळं दिसत होतं. एक दिवस जेवताना त्यांनी सांगितलं, की वर दोन खोल्या बांधायच्या.

"कशातून?" आईने विचारलं.

बाबांनी ताईकडे पाहिलं नाही, पण आम्हाला कळलं. ताईच्या लग्नासाठी जमवलेले पैसे होते.

"पोरीच्या लग्नाचे पैसे विटांत घालणार?"

"विटा भाडं देतील. दोन वर्षांत पैसे परत येतील, वर खोल्या आपल्याच राहतील."

ताई तेव्हा सतरा-अठराची होती. ती पोळी लाटत होती आणि लाटतच राहिली. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, मला वर गच्ची मिळणार याचाच आनंद होता.

खोल्या झाल्या. चुना वाळायच्या आधीच भाडेकरूंची रीघ लागली. बाबांनी बऱ्याच जणांना परत पाठवलं आणि एका मराठी कारकुनाला खोल्या दिल्या. नव्याने आलेल्या कार्यालयात तो लागला होता. आई-वडील लहानपणीच गेलेले, ग्वाल्हेरला मामाकडे वाढलेला. एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला, असं आई म्हणाली. पण त्याने ठरलेलं भाडं देऊ केलं आणि एकच विचारलं, "भिंतीला खिळे ठोकले तर चालतील ना?"

पुढे हेच माझे भावोजी झाले. त्या खोल्यांवर त्यांचा फार जीव होता. मामाकडे ते जिन्याखाली झोपत. स्वतःचं दार लावून घ्यायचं, आपल्या हाताने उघडायचं, ही गोष्ट त्यांना त्या वयात पहिल्यांदा मिळाली होती. रविवारी ते खोल्या धुवून काढायचे. खिडकीला त्यांनी हिरवा रंग दिला. दाराशी भैरवगढच्या छिप्यांकडून, कापड छापणाऱ्यांकडून, आणलेला छापील पडदा लावला. आई खालून म्हणायची, "बायको आणल्यासारखं घर सजवतोय."

बायको आली ती खालूनच. मामांनी पत्र पाठवलं, बाबांनी होकार दिला. हुंड्याचा विषय निघाला तेव्हा भावोजींनी स्वतःच तो मोडून काढला. लग्न आमच्या अंगणात झालं आणि ताई बारा पायऱ्या चढून सासरी गेली. गल्लीत थट्टा झाली. ती भावोजींना लागली असावी. पुढच्या एक तारखेला ते खाली आले आणि भाड्याचे पैसे त्यांनी आईच्या हातावर ठेवले.

"अहो, आता कसलं भाडं?" आई गडबडली.

"मी भाडेकरू आहे आई, घरजावई नाही."

बाबांनी समजावलं, रागावले, पण ते ऐकेनात. इतकंच नाही, शेजारी भाडं वाढलं की हेही वाढवून द्यायचे. ताईला ते आवडत नसे. एकदा ती मला म्हणाली, "माझ्या माहेरी मी भाड्याने राहते बघ." हसत म्हणाली होती. त्या वर्षांत ती बरीच हसायची.

देवास गेटला एका सिंधी कापडवाल्याचं दुकान होतं. आला तेव्हा डोक्यावर गठ्ठा घेऊन दारोदार फिरायचा; मग दुकान झालं, मग दोन झाली. आमच्या घराला त्याने एकदा मागणी घातली. त्याने सांगितलेली किंमत ऐकून बाबांनी चष्मा काढून पुसला. त्या पैशांत जुन्या गावात दोन घरं आली असती.

"नहीं बेचना," बाबा म्हणाले.

"सोच लो मास्टरजी. कराची में मेरा तीन मंज़िल का मकान था. एक दिन में उसका दाम कुछ नहीं रहा. मकान वहीं खड़ा है."

बाबांना हे आवडलं नाही. तो गेल्यावर ते म्हणाले, "त्याचं गाव सुटलं म्हणून सगळ्यांचं सुटतं काय? सिंहस्थात राम घाटाकडच्या पंड्यांची घरं बघ, महिनाभर कोपऱ्याकोपऱ्याचं भाडं घेतात आणि मेळा उठला की पुन्हा माश्या मारतात. आपल्या घराची किंमत तसली नाही. इथे कचेऱ्या आहेत, शाळा आहे. ही माणसं उठून जाणारी नाहीत."

ताईला मुलगा झाला आणि त्याला पाय फुटायच्या आत प्रांतांची फेरमांडणी आली. राजधानी कुठे होणार यावर गावोगाव पैजा लागल्या होत्या. ग्वाल्हेरवाले, इंदूरवाले, जबलपूरवाले, सगळे आपापलं नाव घेत. उज्जैनला राजधानी होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, पण आहे ते काढून नेतील असंही वाटलं नव्हतं. मग भोपाळचं नाव पक्कं झालं, आणि भावोजींच्या कार्यालयाला हुकूम आला.

फायलींचे गठ्ठे सुतळीने बांधून टांग्यांतून आणि ठेल्यांवरून स्टेशनावर गेले. कपाटं, टेबलं, टोपल्या, पाण्याचे माठसुद्धा गेले. भावोजींनी एक ट्रंक आणि वळकटी घेतली. निघताना म्हणाले, "महिनाभरात जागा बघतो आणि न्यायला येतो." ताईने मुलाचा हात धरून त्याला हलवायला लावला.

महिना गेला. पत्रं येत होती. जागा बघतोय, एक बघितली, ती हातची गेली. नागपूरहून माणसं आली होती, रीव्याहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून. चार ठिकाणच्या कचेऱ्या एका गावावर येऊन पडल्या होत्या, आणि ते गाव एका नवाबाच्या दरबारापुरतं वाढलेलं. सरकारी क्वार्टरं बांधायला घेतली होती, पण आधी साहेबांची, मग त्यांच्या खालच्यांची. भावोजींची पायरी बरीच खाली होती. चार कारकून मिळून एका खोलीत राहत होते.

इकडे आमची गल्ली रिकामी होत गेली. वैद्यांचा हेडक्लार्क गेला, त्यांनी पुन्हा आत खल नेला. ज्यांनी गोठे भाड्याने दिले होते त्यांनी गाई आधीच विकल्या होत्या. दारादारांवर खडूने लिहिलेलं दिसू लागलं, 'मकान किराये से देना है'. पावसाने ती अक्षरं पुसायची, लोक पुन्हा लिहायचे. वरच्या खोल्यांचं भाडं भावोजी मनीऑर्डरने पाठवत. बाबांनी एकदा ते परत पाठवलं. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आलं.

शेवटी बाबांनी ठरवलं, की आपणच जाऊन बघायचं. ताईचा मुलगा तापाने फणफणला होता, म्हणून तिच्याऐवजी मला बरोबर घेतलं. मी तेव्हा कॉलेजात होते.

भावोजींची खोली भोपाळच्या जुन्या शहरात होती. चार खाटा मावत नव्हत्या म्हणून दोन उभ्या करून ठेवलेल्या. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर चौघांच्या पँटी. भावोजी बारीक झाले होते. मी भिंतीकडे पाहिलं. एकही खिळा नव्हता. त्यांनी माझं बघणं ओळखलं आणि म्हणाले, "इथे परवानगी नाही."

त्या घराच्या मालकीणबाई पडद्याआड राहत. वर एक खोली रिकामी होणार असं कळलं होतं, म्हणून बाबांनी निरोप पाठवला. आम्हाला दिवाणखान्यात बसवलं. जाजम फाटलेलं होतं, पण अगदी स्वच्छ. पडद्यामागून आवाज आला. तो म्हाताऱ्या बाईचा आणि फार अदबशीर होता. त्यांनी भाडं सांगितलं, वर वर्षाचं आगाऊ. भावोजींच्या पगारातून ते गेलं असतं तर हातात काही उरलं नसतं.

"बेगम साहिबा, उज्जैन में इतने में पूरा मकान मिलता है."

"मिलता होगा भाई साहब. मियाँ दरबार में मुलाज़िम थे. अब न दरबार है, न वो हैं. ये दीवारें ही बची हैं. आज लोग मुँहमाँगा दे रहे हैं तो मैं कम कैसे लूँ? कल क्वार्टर बन जाएँगे तो मुझे कौन पूछेगा?"

बाबा भांडायला आले होते, पण भांडण्यासारखं माणूस समोर नव्हतं. बाहेर आल्यावर ते जिन्याच्या भिंतीला हात लावून उभे राहिले. गिलावा पडून आतल्या विटा दिसत होत्या. "आपल्यापेक्षा वाईट भाजलेल्या आहेत," ते म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी आम्ही गावाबाहेर जागा बघायला गेलो. नुसती खडकाळ जमीन, पाण्याची सोय नाही. दलालाने छत्रीच्या टोकाने चार कोपरे दाखवले आणि किंमत सांगितली. आमचं अख्खं घर विकून तेवढा खडक आला असता, वर छप्पर घालायला काही उरलं नसतं.

"यहाँ सड़क आएगी," दलाल म्हणाला.

"कब?"

"आएगी साब. राजधानी है."

गाडीत बाबा पूर्ण वाटभर खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "वाळू तीच, चुना तोच. मजूर तर भोपाळचा महाग पण नाही."

तरीही परतल्यावर ते देवास गेटला गेले. कापडवाल्याने उठून त्यांना गादीवर बसवलं, चहा मागवला. या वेळी सांगितलेली किंमत तेव्हाच्या निम्म्याहून कमी होती. त्याने ती मान खाली घालून सांगितली, हे बाबांनी घरी आल्यावर दोनदा बोलून दाखवलं. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं की काय, कुणास ठाऊक.

घरी आले तेव्हा ताई अंगणात गहू निवडत होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले.

"बेटा, नाही जमलं."

"मी कुठे मागितलं होतं?" ती म्हणाली आणि सूप जरा जोरात झटकलं.

पुढच्या पावसाळ्याआधी ताई हट्टाने भोपाळला गेली. एका इंदूरकर कारकुनाच्या बिऱ्हाडात मागची चद्दरीची खोली मिळाली होती, मोरी सामाईक. चद्दर उन्हात तापायची आणि पावसात गळायची. मुलाला हगवण लागली ती थांबेना. दोन महिन्यांत भावोजी दोघांना परत पोचवायला आले. मुलाच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. आईने त्याला घेतलं आणि जावयाकडे पाठ करून आत नेलं. भावोजी संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

त्यानंतर असंच चाललं. महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांनी, भावोजी शनिवारी येत आणि रविवारी जात. आले की आधी जावयाचा पाहुणचार, मग बाबांशी कचेरीच्या गप्पा, मग थोडी झोप. मुलाला ते खेळणं आणत, तो ते घेऊन आजोबांकडे पळायचा. एकदा भावोजींनी त्याला मांडीवर बसवलं, तेव्हा त्याने ताईला विचारलं, "हे आजच जाणार ना?" ताईने त्याला चापट मारली. भावोजी म्हणाले, "मारू नको. बरोबर विचारतोय."

ताई वर एकटी राहायची. बाबा म्हणायचे, खाली ये, वरच्या खोल्या देऊन टाकू. पण द्यायच्या कुणाला? घेणारं कुणी नव्हतं. वर दोन खोल्यांत एक बाई एकटी, आणि तिकडे एका खोलीत चार बाप्ये, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणाला काही करता येत नव्हतं. हिरव्या खिडकीचा रंग उडाला. पडदा विरला तेव्हा तिने त्याची फडकी केली. मी कधी वर गेले तर ती नुसती बसलेली असायची. शिवण हातात, सुई ओवलेली, टाका घातलेला नाही.

मी एकदा म्हटलं, "ताई, त्यांना नोकरी सोडून इथे काहीतरी बघायला सांग."

"इथे काय आहे? मिलमध्ये भरती नाही, कचेऱ्या उठल्या. आणि सांगू कुठल्या तोंडाने? पत्रात काय लिहायचं तेच आता सुचत नाही. मुलगा बरा आहे, आई बरी आहे. पुढे काय?"

क्वार्टर मिळालं तेव्हा मुलगा दुसरीत होता. भावोजींची तार आली. आईने देवापुढे साखर ठेवली. ताईने सामान बांधलं, पण मुलगा निघायच्या दिवशी सकाळपासून सापडेना. शेवटी वैद्यांच्या माळ्यावर सापडला. त्याला ओढून आणला तर इतका रडला, की श्वास कोंडून निळा पडला. बाबा म्हणाले, "वर्ष पुरं होऊ दे. परीक्षा झाली की मी आणून सोडतो." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिची ट्रंक उचलली. तिला सोडायला मीच गेले.

क्वार्टर नवं कोरं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतःचा नळ. भावोजींनी आठ दिवस आधीच सगळं लावून ठेवलं होतं. डबे एका ओळीत, तवा खिळ्याला, पोळपाट दाराआड. इतक्या वर्षांत ते उत्तम स्वयंपाक करायला शिकले होते. आम्ही पोचलो तेव्हा पिठलं तयार होतं. ताई हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली.

"मीठ कुठे आहे?" तिने विचारलं.

"थांब, मी देतो," भावोजी खोलीतून म्हणाले, "तुला नाही सापडायचं."

ते उठून गेले आणि त्यांनी मीठ दिलं. दोघंही फार सांभाळून बोलत होती, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखी. मी दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा ताई दारापर्यंत आली. "त्याला रात्री पाय दाबून दिल्याशिवाय झोप येत नाही," ती म्हणाली. "आईला सांग."

परीक्षा झाली. बाबांनी नातवाला भोपाळला नेलं. पंधरा दिवसांत तो आजारी पडला आणि त्यांच्याबरोबर परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. मग कुणी विषय काढेना. तो आमच्याकडेच वाढला. सुटीत जायचा. शाळेत कुणी विचारलं तर "भोपाळचे" म्हणायचा, आई-बाबा म्हणायचा नाही. त्याने ते दुष्टपणाने केलं असं मला कधी वाटलं नाही.

बाबा गेले. आईचं आजारपण लांबलं, त्यात घर विकावं लागलं. कापडवाल्याच्या मुलाने घेतलं आणि वरच्या खोल्यांत कापडाचे गठ्ठे भरले. भाव बरा आला, कारण तोवर फ्रीगंजात पुन्हा दुकानं वाढली होती. बाबांना ते बघायला मिळालं नाही. ताईच्या वाट्याला आलेले पैसे घेऊन भावोजी पुन्हा जागा बघायला निघाले. ज्या खडकावर दलालाने छत्री टेकवली होती, तिथून आता डांबरी सडक गेली होती आणि तिच्या कडेची जागा विचारायचीही सोय राहिली नव्हती. ते पैसे त्यांनी बँकेत ठेवले. क्वार्टर होतं तोवर ते पुरेसं वाटलं.

निवृत्तीच्या वेळी क्वार्टर सोडायचा कागद आला. मुलगा इंदूरला नोकरीला होता, बायको आणि दोन मुलांसह दीड खोलीत. भावोजी त्याच्याकडे गेले तेव्हा मी तिथे होते. त्याने चहा दिला आणि समोर बसून सांगितलं, "बाबा, तुम्हीच बघा. कुठे झोपवू?" भावोजींनी खरंच सगळीकडे पाहिलं, मग मान हलवली.

भोपाळच्या टोकाला, बसचा शेवटचा थांबा येतो त्याच्याही पुढे, त्यांनी भाड्याने घर घेतलं. भावोजी तिथेच वारले. ताई अजून तिथेच असते. मी वर्षातून एकदा जाते. घरमालक भला माणूस आहे. दर दिवाळीला भाडं वाढवतो, पण महिनाभर आधी येऊन सांगतो.